विषय: पॉवर बटण बदलले, बोट ओळखेना, आणि आता म्हणे मदरबोर्ड बदला

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच बंद झाला. मी नाही, त्यांनीच ठेवला. जॉबशीट सोबत जोडली आहे, त्यामुळे मॉडेल कोणते, बिल कधीचे, वॉरंटी कुठवर, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही. प्रत्येक फोनला तेच करत आले आहे.

मूळ तक्रार एवढीच होती की पॉवर बटण दाबले की लॅपटॉप सुरू व्हायचा, पण त्याच बटणातला फिंगरप्रिंट सेन्सर बोट ओळखत नव्हता. पणजीच्या तुमच्या अधिकृत सेंटरने आधी सांगितले, बटण सुटे येतच नाही, कीबोर्डसकट वरचा अख्खा पॅनल मागवावा लागेल. पुढच्या फेरीला गेले तर बटण सुटे आलेले होते. कसे, ते विचारायचे नाही. बसवले, लॅपटॉप चालू करून दाखवला, माझी सही घेतली. घरी येऊन सेटिंग उघडले तर फिंगरप्रिंट स्कॅनरच सापडत नाही असा मेसेज. आधी निदान सेन्सर आहे एवढे तरी मशीनला माहीत होते.

परत नेल्यावर टेक्निशियनने खरे कारण सांगितले. या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेला तो एकच माणूस, त्याला कृपा करून ओरडू नका. तुमच्या या मॉडेलमध्ये सेन्सर मदरबोर्डशी बांधलेला असतो. पट्टीसारखी केबल कनेक्टरमध्ये सरकवली की बटण चालते, पण सेन्सर चालायला कंपनीच्या सॉफ्टवेअरने नव्या सेन्सरची बोर्डाशी ओळख करून द्यावी लागते. कोणी भलताच सेन्सर बसवून लॅपटॉप उघडू नये म्हणून ही सोय. चांगली आहे. पण ही सोय तुमचीच ना? मग बटण पणजीला पाठवले आणि ते सॉफ्टवेअर पाठवले नाही, याचा जाब मी कोणाला विचारायचा? कुलूप बदलून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्या सुताराला आमच्या गावात दुसऱ्यांदा कामाला बोलावत नाहीत.

त्यावर तुमच्या मुख्य सेंटरचा तोडगा आला: मदरबोर्ड बदला. तोही वॉरंटीबाहेर, माझ्या खर्चाने, आणि कोटेशनचा आकडा लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या आसपास. मदरबोर्ड बदलला की त्यावरची टीपीएम, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली जपणारी चिप, जाते आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसतो, हे ग्राहकाला आधी सांगायची पद्धत तुमच्याकडे आहे की नाही? मी साखळी-डिचोली बाजारातल्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी बघते. जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या तोंडावर लॅपटॉप उघडला नाही तर लेट फी माझे लोक भरतील, तुम्ही नाही.

वॉरंटीबाहेर का? तर जॉबशीटवर नंतर एक ओळ वाढली आहे: ‘लिक्विड डॅमेज, कोस्टल लोकेशन’. आजचा फोन मी त्यासाठीच केला होता. तो जसाच्या तसा लिहिते, कारण रेकॉर्ड होतो म्हणतात, पण ऐकत कोणी असेल असे वाटत नाही.

‘मॅडम, लोकेशन गोवा दिसतंय. लॅपटॉप बीचवर नेता का?’

मी म्हटले, मी साखळीला राहते.

‘साखळी बीच?’

मी सांगितले, साखळीला बीच नाही. समुद्र बघायचा तर आम्हाला बस बदलून जावे लागते. तो म्हणाला, ‘ओके मॅडम, पण गोवा म्हणजे खारी हवा असतेच.’ मी म्हटले, हवेवरच ढकलायचे असेल तर आमच्याकडच्या खाणींची लाल धूळ तरी म्हणा, निदान भूगोल बरोबर येईल. त्यावर तो थोडा थांबला. मला वाटले, काहीतरी बघतोय. तर म्हणाला, ‘पार्टीत वगैरे काही सांडलं असेल. गोव्याच्या केसमध्ये बिअर कॉमन आहे.’

मी त्याला शांतपणे (अगदी शांतपणे, रेकॉर्डिंग काढून ऐका) सांगितले की आत पाणी गेले की लाल होणारा स्टिकर तुमच्याच माणसाने लॅपटॉप उघडून मला दाखवला, तो पांढराच आहे, आणि त्याचा फोटो तुमच्याच सिस्टीममध्ये आहे. तो म्हणाला, फोटो त्याला दिसत नाही. मग कोणाला दिसतो? ‘बॅकएंडला, मॅडम.’ बॅकएंडला जोडून द्या. ‘बॅकएंड कस्टमरशी बोलत नाही.’ वर सल्ला मिळाला: ‘पिन टाकून लॅपटॉप चालतोय ना? मग इश्यू काय आहे?’ आणि फोन ठेवताना: ‘एन्जॉय युवर स्टे इन गोवा, मॅडम.’

अहो, मी इथलीच आहे. माझी आजीही इथलीच. चतुर्थीला आमच्या घरी यायला लोक मुंबईहून सुटी काढतात. पाहुणी म्हणून दोन दिवस बीचवर पडायला मी आलेले नाही, आणि असते तरी सेन्सर त्याने बिघडला नसता. ही असली उत्तरे ठाण्याच्या किंवा नाशिकच्या ग्राहकालाही देता, की फक्त गोवा दिसला की बिअर आठवते?

आणि माझे जुने बटण कुठे आहे? ते मागितले तर काउंटरवरून उत्तर मिळाले, बदललेला पार्ट कंपनीचा. बोटांच्या खुणांचा डेटा सेन्सरच्या चिपमध्येच साठतो असे काही सेन्सर असतात. माझा त्यातला आहे की नाही, तुम्हाला माहीत असणारच. असेल तर माझ्या बोटांची नोंद आज पणजीच्या कुठल्या तरी खोक्यात पडून आहे.

मला हवे ते असे. नव्या सेन्सरची बोर्डाशी जोडणी पणजीतच, फुकट करून द्या. लॅपटॉप कुरिअरने मुंबईला जाणार नाही. जॉबशीटवरची ‘लिक्विड डॅमेज, कोस्टल लोकेशन’ ही ओळ काढून टाका. मदरबोर्डचे कोटेशन रद्द केल्याचे लेखी कळवा. आणि जुने बटण परत करा, नाहीतर त्यातला डेटा पुसल्याचे लिहून द्या.

हे पंधरा दिवसांत झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. म्हणजे यायचे तुम्हाला आहे. हिशेबाचे कागद नीट लावून ठेवणे हा माझा धंदाच आहे, तेव्हा तारखा, पावत्या आणि त्या पांढऱ्या स्टिकरचा मी काढलेला फोटो सगळे तयार आहे.

तुमचाच लॅपटॉप घ्या असे मी बाजारात चौघांना सांगितले होते. त्यातल्या एकाने कालच विचारले, घेऊ का. मी त्याला थांबायला सांगितले आहे.

साखळी, गोवा

ता. क. उत्तर लेखी द्या. फोन नको.