पिल्लूच कशाला हवे?

महोदय,
प्राण्यांच्या निवारा केंद्रात मी सुट्टीच्या दिवशी पिंजरे धुते, औषधे देते, कुत्र्यांना फिरवून आणते. येणाऱ्या बहुतेकांना पिल्लूच हवे असते, तेही आईचे दूध न सुटलेले! पिल्लू किमान आठ आठवडे आई-भावंडांजवळ राहायलाच हवे. खेळताना चावा किती हलका घ्यायचा, हे ते तिथेच शिकते. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र आधीच बराचसा कळतो.

आमच्याकडे एक तपकिरी, वयस्क कुत्री आहे. मालक घर बदलताना तिला सोडून गेले. फाटक वाजले की कान टवकारते. माणूस ओळखीचा नाही असे दिसले की पुन्हा पुढच्या पायांवर हनुवटी टेकते. शांत, घरात घाण न करणारी, तरी तिला कोणी विचारत नाही. याचे फार वाईट वाटते.

माझा बोकाही प्रौढ वयातच घरी आला. सुरुवातीला पलंगाखालून निघेना (नव्या जागेत मांजराला दडायला कोपरा लागतोच). आता उशाशी झोपतो.

प्राणी नेणाऱ्यांना विनंती, पहिल्या भेटीतच ठरवू नका. दोन-तीनदा या, मोठ्या कुत्र्यांनाही फिरवून आणा, मग निवडा.

– एक स्वयंसेविका