वेराची जागृती हिशेबाच्या वहीत आहे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत रशियन नायिकांवरचा लेख वाचला. ‘काय करावे?’ या कादंबरीतली वेरा पावलोव्हना लोपुखॉव या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या प्रेमामुळे जागी होते, असे त्यात म्हटले आहे. ते आम्हाला पटले नाही. रशियन विचारवंत चेर्निशेव्हस्कीने तुरुंगात लिहिलेली ही कादंबरी १८६३ साली छापली गेली, आणि १८७४ मध्ये शेतकऱ्यांत क्रांतीचा विचार पेरायला खेड्यांकडे निघालेल्या नरोदनिक (लोकवादी) पिढीने ती उराशी धरली. एवढे वेड नुसत्या प्रेमकथेने लागत नाही.

आई वेराला घरमालकाच्या मुलाच्या गळ्यात बांधायला निघते, तेव्हा लोपुखॉव तिच्याशी लग्न करून तिला घराबाहेर काढतो. बापाच्या किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला वेगळे राहण्याचा परवाना मिळत नसे, म्हणून हा मार्ग. ही झाली सुटका. जागृती पुढे, तिसऱ्या प्रकरणात आहे.

तिथे वेरा शिवणकाम करणाऱ्या तीन मुली पारखून घेते आणि दुकान काढते. कापड बेतायला स्वतः बसते. महिना भरल्यावर वही उघडून वाचून दाखवते: जमा किती, मजुरी किती, इतर खर्च किती. उरला तो नफा, आणि तो तुमचा. मुलींचा विश्वासच बसत नाही. नफा मजुरीच्या प्रमाणात वाटायचा की सारखा, यावर पुढे बराच काळ खल होतो. वेरा हुकूम सोडत नाही, त्यांना पटेपर्यंत थांबते. जाग येते ती दोन्हीकडे.

चौथ्या प्रकरणातले, वेराला पडलेले भावी सुखी समाजाच्या काचेच्या महालाचे स्वप्न सगळ्यांना ठाऊक असते. त्याला लागूनच असलेले वेराचे दुकान पाहून आलेल्या कात्या पोलोझोव्हाचे पत्र मात्र बहुतेक जण ओलांडून जातात. त्यातला हिशेब असा: दुकानातल्या, एकत्र राहणाऱ्या २५ जणींनी दोन रुबलांची साधी छत्री प्रत्येकी घेतली असती, तर ५० रुबल लागले असते. त्यांनी पाच-पाच रुबलांच्या पाच रेशमी छत्र्या सामाईक घेतल्या. वाट्याला एकेक रुबल आला आणि वस्तूही चांगली मिळाली.

कादंबरी वाचून पीटर्सबर्ग-मॉस्कोत अशी दुकाने खरोखर निघाली. बरीचशी लवकर बंद पडली, कारण चालवणाऱ्या बायकांना ना बेतता येत होते, ना हिशेब ठेवता येत होता.

रशियन गणितज्ञ व लेखिका सोफिया कोव्हालेव्हस्कायाच्या ‘निहिलिस्ट मुलगी’ (निहिलिस्ट म्हणजे प्रस्थापित रूढी आणि सत्ता नाकारणारी) या कादंबरीची वाट वेगळी. तिची वेरा लहानपणी हुतात्म्यांच्या कथांत रमते. शेवटी शिक्षा झालेल्या राजबंद्याशी लग्न करून सायबेरियाला निघते. तिला वही सापडत नाही, म्हणून ती स्वतःलाच देऊन टाकते. या दोन वेरा शेजारी ठेवून वाचायला हव्या होत्या.

सोलापुरात हजारामागे मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे नुकसान कोण सोसते हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पुरवणीत ‘काय करावे?’चा उतारा छापणार असाल, तर कृपया स्वप्नाऐवजी छत्र्यांचे पत्र छापा.

– अभ्यासवर्गातील वाचक, सोलापूर