हलके ब्रेक हलक्यात नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रोड बाईकचे वजन कमी करण्याविषयी प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. चाके, सीटपोस्ट, सॅडल अशा क्रमाने ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब मांडताना, मूळचे ब्रेक काढून सुटे मिळणारे हलके ब्रेक बसवावेत, असा सल्ला लेखकाने एका वाक्यात दिला आणि विषय पुढे नेला. सल्ला चुकीचा नाही. मी स्वतः असे ब्रेक वापरतो. परंतु सॅडल बदलणे आणि ब्रेक बदलणे ही एका पंक्तीत मांडण्याजोगी कामे नाहीत. ब्रेक कोणता घेतला यापेक्षा तो कसा बसवला, यावर उतारावरची सुरक्षितता अधिक अवलंबून असते आणि नेमका तोच भाग लेखात राहून गेला, म्हणून हे पत्र. मी केवळ रिमवर दाबणाऱ्या ब्रेकविषयी लिहीत आहे. डिस्क ब्रेकचा विषय वेगळा आहे.

आधी बचतीचा हिशेब पाहू. शिमानो कंपनीच्या ‘१०५’ श्रेणीतील पुढचा आणि मागचा कॅलिपर (ब्रेकचा रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) मिळून साधारण ३८० ग्रॅम भरतात. केन क्रीक कंपनीच्या हलक्या ‘ईई’ ब्रेकची जोडी त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाची असते. म्हणजे फार तर दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम वाचले. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर सिंहगडाचा पन्नास मिनिटांचा चढ या बचतीमुळे सुमारे सात सेकंदांनी लवकर संपेल. पाण्याची पाऊण लिटरची बाटली अर्धी रिकामी केली, तरी याहून अधिक वजन उतरते. स्पर्धेत सात सेकंदांना मोल असते, हे मान्य आहे. मात्र तेथेही आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २००० सालापासून सायकलचे वजन किमान ६.८ किलो असलेच पाहिजे असा नियम केलेला आहे, म्हणजे हलकेपणाला मर्यादा आहेच.

आता उताराची बाजू. तोच ८५ किलोंचा भार गडावरून सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो, तेव्हा जी ऊर्जा कोठे तरी जिरावी लागते, तिच्यात जवळपास दीड लिटर पाणी उकळेल. त्यातील काही भाग वारा खातो. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर वेग धरता येत नसल्याने उरलेला बराचसा भाग रबराच्या चार लहान तुकड्यांतून आणि रिममधून बाहेर पडतो. शिवाय ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे खरे काम पुढचा ब्रेकच करतो. कॅम्पान्योलो कंपनीने एके काळी पुढे दोन खिळींवर फिरणारा, अधिक जोराचा आणि मागे मुद्दाम एकाच खिळीचा हलका कॅलिपर दिला, तो हेच ओळखून. वजन कमी करायचेच असेल तर ते कोठे करावे, याचा इतका समंजस नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

माझा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी मी ऑनलाइन मागवलेली हलक्या ब्रेकची जोडी शहरातील एका दुकानात नेऊन बसवून घेतली. काम अर्ध्या तासात झाले आणि मीही घाईत असल्याने काही विचारले नाही. पुढच्या रविवारी गड उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागच्या ब्रेकचा लीव्हर सरळ हँडलला येऊन टेकला. पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. पाहतो तर मागच्या वायरचे आउटर, म्हणजे तिच्यावरचे जाड वेष्टन, टोकाकडून फाटून टोकावरच्या टोपीबाहेर आले होते. ते ब्रेकचे नव्हतेच, गिअरचे होते. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते, म्हणून ते दाब सहन करते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ बसवलेल्या असतात, त्यामुळे गिअर अचूक पडतो खरा, पण ब्रेकच्या जोराने त्या तारा फाकतात. जाडी पाच आणि चार मिलिमीटर, एवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा फरक. घरी येऊन पुढचा ब्रेक तपासला, तर त्याचा एक शू, म्हणजे रिमवर दाबणारे रबर धरणारा भाग, उलटा बसवलेला आढळला.

हा उलटा शू क्षुल्लक वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. या ब्रेकमध्ये रबराची पट्टी धातूच्या खाचेत सरकवून बसवतात. खाचेचे एक तोंड बंद असते, दुसरे उघडे. ब्रेक दाबला की रिम रबराला पुढे ओढते, त्यामुळे बंद तोंड पुढे आणि उघडे तोंड मागे असलेच पाहिजे. उलट बसवल्यास प्रत्येक दाबाबरोबर रबर खाचेतून बाहेर ढकलले जाते आणि ते धरून ठेवण्यासाठी केवळ एक बारीक स्क्रू उरतो. बहुतेक शूवर डावा-उजवा अशी खूण असते. ती वाचण्यास दोन सेकंद लागतात.

खरे तर ब्रेक विकत घेण्यापूर्वीच तीन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, कॅलिपर ज्या बोल्टने सायकलला बसतो त्याच्या मध्यापासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर. बहुतेक हलके ब्रेक ३९ ते ४९ मिलिमीटर अंतरासाठी घडवलेले असतात आणि मडगार्डसाठी जागा सोडलेल्या सायकलींना ४७ ते ५७ मिलिमीटरचे ब्रेक लागतात. तेथे हलका ब्रेक रिमपर्यंत पोहोचतच नाही. दुसरी, रिमची आणि टायरची रुंदी. अलीकडच्या रुंद रिमवर २८ मिलिमीटरचा टायर चढवला की जुन्या घडणीचा कॅलिपर पुरेसा उघडत नाही किंवा टायर त्याच्या पोटाला घासतो. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. लीव्हर दाबल्यावर किती वायर ओढली जाते, हे सगळीकडे सारखे नसते. शिमानोने २००९च्या सुमारास आपल्या ‘ड्युरा-एस ७९००’ या संचापासून लीव्हरची ओढ वाढवली आणि त्याला जुळणारे कॅलिपर केले. नव्या लीव्हरला जुन्या प्रमाणावर घडवलेला हलका कॅलिपर जोडला, तर लीव्हर हाताला छान कडक लागतो, दुकानात गिऱ्हाईक खूश होते आणि उतारावर मात्र ब्रेक लागत नाही, कारण यांत्रिक लाभच, म्हणजे हाताचा जोर रिमवर जितक्या पट होऊन पोहोचतो ते प्रमाणच, घटलेला असतो.

प्रत्यक्ष जोडणीत पहिले काम ब्रेकचे नसून चाकाचे आहे. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे होणारे डुलणे, काढल्याशिवाय ब्रेक जुळवणे व्यर्थ आहे. त्यानंतर कॅलिपरचा बोल्ट. पुढचा बोल्ट चिमट्यातून (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमधून) आरपार जात असल्याने लांब असतो आणि मागून बसणारा नट पुरेसा आत पोहोचतो की नाही, हे पाहावे लागते. या सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा आटा एका फेऱ्याला एक मिलिमीटर सरकतो, म्हणून नटाने किमान सहा पूर्ण फेरे घेतलेले असावेत. कार्बनच्या जाड चिमट्यात ते होत नसेल, तर लांब नट घ्यावा. दोन-तीन आट्यांवर लटकलेला ब्रेक वरून अगदी व्यवस्थित दिसतो.

बोल्ट किती आवळावा, हा हलक्या ब्रेकचा कळीचा प्रश्न आहे. आवळण्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात; कॅलिपरच्या बोल्टसाठी साधारण आठ ते दहा न्यूटन-मीटर आणि शूच्या बोल्टसाठी पाच ते सात, असा प्रघात आहे. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे आठ किलोंचा जोर दिला, की आठ न्यूटन-मीटर होतात. वायर पकडणाऱ्या बोल्टला मात्र हलक्या ब्रेकमध्ये निर्माता अनेकदा कमी आकडा देतो, कारण तेथे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ आटे असतात, आणि तो आकडा सोबतच्या कागदावरूनच घ्यावा. सवयीच्या हाताने पोलादाइतका जोर लावल्यास आटे सोलतात. भीतीने कमी लावल्यास वायर सरकते. टायटॅनियमचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरडा बसवल्यास तो कालांतराने घट्ट धरून बसतो, म्हणून आट्यांना त्यासाठीची खास पेस्ट लावावी. ‘हाताच्या अंदाजाने’ काम करणाऱ्या कारागिरांविषयी मला अनादर नाही. माझ्या लहानपणी पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावरचे सायकलवाले लोखंडी दांड्यांचे ब्रेक कानाने ऐकून जुळवत असत. पण त्यांच्या हाताचा अंदाज पोलादावर घडला होता.

शू रिमच्या वरच्या कडेपासून अर्धा ते एक मिलिमीटर खाली असावा. वर गेला तर तो टायरची बाजू कापतो. फार खाली गेला तर रबराला पायरी पडते. पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकावे, म्हणजे किंचाळणे थांबते. त्यासाठी शूच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून आवळण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. आउटर काटकोनात कापून, कानसून, आतली नळी दाभणाने मोकळी करावी. सारे झाल्यावर उभ्या सायकलवर लीव्हर पूर्ण जोराने दहा-बारा वेळा दाबावा. यात वायर ताणली जात नाही, तर आउटर आणि टोप्या आपापल्या जागी बसतात आणि लीव्हर सैल पडतो. तो सैलपणा काढून वायर पुन्हा आवळायची असते. हे न करता गिऱ्हाइकाच्या हाती दिलेली सायकल दुसऱ्याच दिवशी वेगळी लागते. काही हलक्या कॅलिपरना वजन वाचवण्यासाठी ब्रेक झटकन सैल करणारी कळही नसते. पंक्चर काढताना चाक बाहेर येण्यासाठी वायर सैल करावी लागते आणि ती पुन्हा ताणायची राहून गेली, की पुढचा उतार ब्रेकविना.

पावसाळ्यात तर ओली रिम पुसली जाईपर्यंत ब्रेक धरतच नाही, आणि रबरात रुतलेले खडीचे व अ‍ॅल्युमिनियमचे कण घरी येऊन दाभणाने काढावे लागतात. कार्बनच्या रिमला तिच्यासाठीचेच रबर हवे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले रबर तिला लावू नये, हेही लेखात एका ओळीत सांगता आले असते.

दुकानदारांची बाजूही सांगितली पाहिजे. मी त्याच दुकानात परत गेलो, तेव्हा मालकाने चूक मान्य करून माझ्यासमोर दोन्ही ब्रेक पुन्हा बसवले. टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, शेजारच्या दुकानातून आणावा लागला. कामाला एक तास चाळीस मिनिटे लागली आणि इतक्या वेळाची मजुरी कोणी देत नाही, ही त्यांची तक्रार मला खरी वाटली. ब्रेकवर काही हजार रुपये घालणारा ग्राहक जोडणीसाठी दोन-तीनशे रुपयांवरून घासाघीस करतो. मीही तेच केले होते. जोडणीचे पैसे वेगळे आकारावेत, आणि बिलावर आउटरचा प्रकार व प्रत्येक बोल्टला दिलेला टॉर्क लिहून द्यावा, असे मी त्यांना सुचवले. पहिले त्यांनी लगेच मान्य केले, दुसऱ्याचा विचार करतो म्हणाले.

आपल्या लेखकांना एवढीच विनंती आहे, की पावसाळा सुरू होण्यापूर्वी केवळ जोडणीवर एक स्वतंत्र लेख लिहावा आणि त्यासोबत शूची योग्य दिशा दाखवणारे एक ठळक छायाचित्र छापावे.

आपला,
यंत्रअभियांत्रिकीचा एक निवृत्त शिक्षक,
कोथरूड, पुणे