निवाऱ्यातील नोंदवही आणि एकटा प्रवासी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या प्रवास पुरवणीत एकट्याने गाडी घेऊन केलेल्या सफरींची वर्णने अलीकडे वारंवार वाचायला मिळतात आणि त्यांत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा हटकून असतो. गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, मी तोच प्रवास एकटीने केला. पुनाकाइकी येथे पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले चुनखडीचे खडक, भरतीच्या वेळी त्यांच्या विवरांतून उसळणारे पाणी, समुद्राला बिलगून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग क्रमांक 6, हे सारे आपल्या लेखकांनी लिहिले आहे तसेच सुंदर आहे. पण त्यांच्या लिखाणात डोंगरातील निवाऱ्यांचा उल्लेख बहुधा एका छायाचित्रापुरता येतो आणि त्या निवाऱ्यातील नोंदवहीचा तर येतच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तिकडे ‘हट’ म्हणून ओळखले जाणारे असे 950 हून अधिक निवारे सरकारच्या निसर्ग संवर्धन विभागाकडे आहेत. त्यांतले कितीतरी 1987 मध्ये हा विभाग स्थापन होण्याच्या आधीचे आहेत. बाहेरून आणलेल्या हरणांनी जंगल फस्त करायला सुरुवात केल्यावर सरकारने नेमलेल्या शिकाऱ्यांना राहता यावे, म्हणून वन खात्याने ते बांधले होते. बहुतेक ठिकाणी राखणदार नसतो. आधी विकत घेतलेल्या तिकिटाचा तुकडा तिथल्या पेटीत टाकायचा आणि वहीत नाव, तारीख व पुढचा मार्ग लिहायचा, एवढ्या विश्वासावर ही व्यवस्था चालते.

मी एका छोट्या निवाऱ्यात मुक्कामाला पोहोचले, तेव्हा तिथे कोणीही नव्हते. शेगडीशेजारी आधीच्या माणसाने वाळक्या काटक्या नीट रचून ठेवल्या होत्या आणि टेबलावर, कोपरे दमट होऊन फुगलेली, दोरीने पेन्सिल बांधलेली वही होती. तिच्यात दोन दिवसांपूर्वीची एक ओळ होती : ‘वरच्या ओढ्याला पाणी जास्त, परत फिरलो.’ माझा दुसऱ्या दिवशीचा मार्ग त्याच ओढ्यावरून जात होता. मी तो बदलला. त्या अनोळखी माणसाने दोन मिनिटे काढून ती ओळ लिहिली नसती, तर मी त्या पाण्याच्या काठापर्यंत नक्कीच गेले असते आणि इतके चालून आल्यावर मागे फिरण्याइतके शहाणपण मला सुचले असते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाण्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे खरा धोका कड्यांपेक्षा नद्यांचा असतो. समुद्रावरून येणारे ढग दक्षिण आल्प्स या तिथल्या पर्वतरांगेला अडतात आणि त्या उतारांवर काही ठिकाणी वर्षाला 10,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नद्या काही तासांत फुगतात. चार-पाच जण असतील, तर एकमेकांना घट्ट धरून, सर्वांत दणकट माणसाला प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून पाणी ओलांडण्याची एक रीत तिथे शिकवली जाते. एकट्या माणसाला ती रीत उपलब्धच नाही. हास्ट खिंडीजवळच्या ब्रूस्टर हटकडे जाणारी वाट सुरू होते तीच पूल नसलेली हास्ट नदी उतरून. मी तिथे पोहोचले त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता, पाणी गढूळ होते आणि तळातले दगड दिसत नव्हते. मी तासभर काठावर बसून राहिले आणि गाडीकडे परतले. त्या निर्णयाचे मला आजही समाधान आहे.

याच ठिकाणी एक गैरसमजही दूर व्हायला हवा. वहीत नाव लिहिले म्हणजे कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे, असे नाही. ती वही रोज कोणी तपासत नाही. शोध सुरू झाल्यावर आपण शेवटी कुठे होतो आणि कुठे निघालो होतो, हे त्या वहीतून कळते. पण शोध सुरू व्हायचा, तर घरच्या एका भरवशाच्या माणसाला आपला मार्ग आणि ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर पोलिसांना कळव’ ही वेळ आधीच सांगून ठेवावी लागते. मी माझ्या बहिणीला तसे सांगितले होते. खिंडीत फोनला रेंज नव्हती. तरीही ठरलेली वेळ दुसऱ्या संध्याकाळची असल्यामुळे खाली उतरून शांतपणे कळवता आले. उपग्रहाद्वारे संकटाचा संदेश पाठवणारे उपकरण तिथे भाड्यानेही मिळते आणि एकट्याने जाणाऱ्याने ते घ्यावेच. मात्र त्यामुळे वही अनावश्यक ठरत नाही.

मुक्काम न करता केवळ छायाचित्रे काढून निघालेले अनेक जण वही न उघडताच जाताना मी पाहिले. त्यांत आपली भाषा बोलणारेही होते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहावेसे वाटले. अशा सफरींचा पुढचा लेख छापताना सोबत एक छोटी चौकट द्यावी आणि तीत ही वही, घरी सांगून ठेवायची वेळ व नदीकाठून परत फिरण्याविषयी चार ओळी असाव्यात, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक