दादा, आबांचा चाकू घासू नकोस

शेफिल्ड

प्रिय दादा,

परवा फोनवर आई सुरू झाली, खिशात चाकू घेऊन फिरतोस, पोलिसांनी धरलं तर काय करशील, आणि मी काही सांगायच्या आत फोन कट झाला. पण त्याच्या आधी तू जाता जाता जे बोललास ना, की आबांचा जुना घडीचा चाकू सापडलाय आणि तू तो पॉलिश पेपरने घासून चकाचक करणार आहेस, त्याने माझी झोप उडालीये. थांब. हात लावू नकोस. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आईचं. इथला, म्हणजे इंग्लंडचा, कायदा चाकूबाबत खरंच कडक आहे, तिची भीती अगदीच खोटी नाही. पण 1988 च्या कायद्यात साध्या घडीच्या चाकूला सूट आहे. धार 3 इंचापेक्षा जास्त नको आणि उघडल्यावर पातं लॉक व्हायला नको, एवढं पाळलं की खिशात ठेवायला कारण द्यावं लागत नाही. लॉकवाला असेल तर मात्र सबळ कारण लागतं, मग तो कितीही छोटा असो. माझे खिशातले सगळे बिनलॉकचे, आणि तेही मी विमानतळावर, कोर्टात वगैरे नेत नाही. दिवसभरात त्याचं काम काय तर पार्सलची टेप कापणं, सुतळी कापणं, पेन्सिलीला टोक काढणं आणि सफरचंद चिरणं. हे आईला वाचून दाखव, म्हणजे विषय संपेल (संपणार नाही, माहितीये).

आता हे बिनलॉकचं प्रकरण काय ते सांगतो, कारण सगळी मजा तिथेच आहे. मुठीच्या पाठीत एक पोलादी स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, तेवढ्यावरच पातं उघडं राहतं आणि बंदही राहतं. नखाच्या खाचेत नख घालून ओढलं की आधी स्प्रिंगचा जोर लागतो, मग ती सुटते आणि खट्ट आवाज येतो. चांगल्या कारागिराचा चाकू उजेडासमोर धरला तर पातं आणि स्प्रिंगच्या मधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही, आणि चाकू उघडा असो की बंद, पाठीवरून बोट फिरवलं तर स्प्रिंग कुठे वर-खाली लागत नाही. हे मशीनवर जमवणं सोपं नाही, एकेका चाकूला कानस मारून मारून बसवावं लागतं. फक्त एक लक्षात ठेव, लॉक नसल्यामुळे टोकाने भोसकायला किंवा काही उचकटायला गेलास तर पातं मिटून सरळ बोटांवर येतं. त्याचं काम कापायचं, बाकी काही नाही.

आणि मी राहतो ते शेफिल्ड गावच या धंद्याचं. इथल्या चाकूवाल्यांची कंपनी ऑफ कटलर्स ही संस्था 1624 ची, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. स्टेनलेस स्टीलसुद्धा हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये इथेच काढलं. त्या संस्थेच्या कटलर्स हॉलमध्ये जोसेफ रॉजर्स कंपनीचा नॉरफोक नाइफ आहे, 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी केलेला, 75 पाती आणि हत्यारं एकाच मुठीत. कारागिरी अफाट, पण खरं सांगू का, मला त्यापेक्षा लॅम्बफुट नावाचा एका पात्याचा साधा चाकू जास्त आवडतो, सरळ धार, वापरायला सोपा, दगडावर लावायलाही सोपा. असे चाकू एकेकटे कारागीर छोट्या खोल्यांत बसून करायचे, त्यांना इथे लिटल मेस्टर म्हणतात. त्यातले सगळ्यात नावाजलेले स्टॅन शॉ 2021 मध्ये गेले. आता हाताने करणारे मोजकेच उरलेत, म्हणून जुन्या मालाला भाव.

बाय द वे, जुन्या मुठींचं शिंग पुष्कळदा आपल्याकडच्या सांबराचं असतं. भारताने ती निर्यात बंद केली, त्यामुळे तसले चाकू आता महाग झालेत. हस्तिदंती मूठ मात्र मी घेत नाही, इथे त्याच्या खरेदी-विक्रीवर आता कडक बंदी आहे आणि तसंही मन होत नाही.

तर आबांचा चाकू. पात्यावर जो करडा, निळसर काळा थर आहे ना, तो गंज नाही. साध्या पोलादाला फळाचा, लिंबाचा रस लागून लागून तो रंग चढतो आणि तोच थर पुढचा गंज थोडा रोखतो. तो घासून काढलास तर आबांनी वर्षानुवर्षं वापरलेलं सगळं गेलं. शिवाय पात्याच्या बुडावरचे, बनवणाऱ्याचे शिक्के पण झिजतात आणि चाकूची ओळखच पुसली जाते. लाल, भुरभुरीत दिसतो तो खरा गंज, तिथे शिवणयंत्राचं तेल सोड, रात्रभर राहू दे, मग जुन्या मऊ कापडाने पूस, गरज पडली तर अगदी बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरव. सांध्यातही दोन थेंब टाक आणि हळूहळू उघडझाप कर, जाम असेल तर पक्कड लावू नकोस. खायचं तेल अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं. आणि मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असेल तर तो बंद डबीत इतर वस्तूंबरोबर ठेवू नकोस, सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून वाफ सुटते आणि शेजारचं लोखंड गंजतं.

मग भिंग घेऊन पात्याच्या बुडाशी बघ. चांदणी आणि बाजूला माल्टीज क्रॉस म्हणजे चार टोकं फुटलेला क्रूस दिसला तर ती रॉजर्सची खूण. नुसतं शेफिल्ड लिहिलंय की इंग्लंडही लिहिलंय तेही बघ, कारण 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागायचं, त्यामुळे इंग्लंड असेल तर बहुधा त्यानंतरचा. पण नक्कल तेव्हाही धो धो व्हायची, त्यामुळे नुसत्या नावावर भुलू नकोस. आणि काहीच शिक्का नसला तरी मला चालेल, चाकू आबांचा आहे.

दोन्ही बाजूंनी फोटो काढ, उन्हात नको, खिडकीजवळ, आणि शिक्क्याचा जवळून एक. बाबांना विचार आबांनी तो कुठून घेतला होता, त्यांना नक्की आठवत असेल. दिवाळीत मी येतोच आहे, तोवर तेल लावून कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेव, पोरांच्या हाताला लागेल असा नको.

आई-बाबांना नमस्कार, वहिनींना विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
बंटी