आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचे पत्र आले होते. किनाऱ्यावरची हॉटेले, बागा, मच्छीमार बोटी यांवरच्या परक्या कामगारांची कसून तपासणी करा आणि बाहेरच्या देशातला कोणी निघाला तर त्याला आल्या पावली परत पाठवा, असा त्यातला सूर. ‘रत्नागिरी तालुक्यातले एक निवास-न्याहारीवाले कुटुंब अशाच एका घुसखोरासाठी सह्या गोळा करत हिंडते आहे’ असेही त्यात होते. ते कुटुंब आमचे. तेव्हा उत्तर देणे आले.

तपासणीला आमचा विरोध नाही. आमच्याकडे परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म आम्ही भरतो, आजवर कधी चुकवलेला नाही. हा मुलगा मात्र पाहुणा म्हणून आला नव्हता. मिझोरामच्या एका आचाऱ्याबरोबर हाताखाली म्हणून आला, तोही मिझोच असेल असे आम्ही धरून चाललो. पुढे ओळख वाढल्यावर त्याने आपण होऊन सांगितले, की माझे गाव सीमेवरच्या तिआऊ नदीच्या अलीकडचे नव्हे, पलीकडचे. म्हणजे म्यानमारचे, तिथल्या चिन (चीन नव्हे) डोंगरांतले. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नाव नोंदवल्याचा आणि अर्ज विचाराधीन असल्याचा एक कागद होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. पोलिसांना खबर कोणी दिली, असे गावात बरेच जण विचारतात. कोणी दिली नाही. आमचे हे आणि मी त्याला घेऊन ठाण्यात गेलो.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. गुन्हा नोंदला, कोर्टात उभा राहिला, जामीन मिळाला. जामिनाला ह्यांनी आमच्या वाडीचा सातबारा दिला. पोलीस पंचनाम्याला घरी आले तेव्हा सासूबाईंनी त्यांना एवढेच म्हटले, ‘‘त्याला आधी जेवूं देत, मग काय ते लिहा.’’ आणि त्यांनी जेवू दिले. पोलिसांबद्दल माझी काही तक्रार नाही, हे मुद्दाम नोंदवते. आता देश सोडून जाण्याची नोटीस हातात पडली आहे.

परत जायचे म्हणजे कुठे? म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली. त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरला चिन राज्यातल्या थांतलांग गावात शंभराहून जास्त घरे जळाली, त्यात चर्चही होते. त्याचे गाव त्याच भागातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला. १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना आणि १८ ते २७ च्या बायकांना बोलावणे आले की जायचे, नाही गेले तर तुरुंग. हा मुलगा तेव्हा अठराव्यात पाऊल टाकत होता. ज्यांनी आपले गाव जाळले त्यांचीच बंदूक खांद्यावर घ्यायची नव्हती म्हणून तो नदी उतरून आला. आता त्याला सीमेवर नेऊन ज्यांच्या ताब्यात द्यायचे, ते तेच लोक आहेत.

आता कायदा. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासित म्हणजे कोण, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याबरोबर सवलतींचा आदेशही निघाला. तिबेटी, नोंदणी झालेले श्रीलंकन तमिळ, आणि अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती यांना त्यातून वगळले आहे. आमचा मुलगा ख्रिस्ती आहे, छळामुळेच आला आहे, पण चौथ्या देशातून आला आहे. संपला विषय.

खरे म्हणजे संपत नाही, आणि हेच मला गावोगाव सांगावे लागते. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ ला राज्यांना एक कार्यपद्धती लिहून पाठवली होती. एखादा परदेशी माणूस ‘मी निर्वासित आहे’ म्हणाला, तर वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, जमात, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची त्याची भीती सकृद्दर्शनी खरी वाटते का, ते बघायचे. वाटली तर सुरक्षा तपासणी करून, त्याने दावा केल्यापासून तीस दिवसांत दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी केंद्राकडे शिफारस करायची. गंमत बघा, मे २०२५ मध्ये बांगलादेश आणि म्यानमारच्या संशयितांची कागदपत्रे तपासायला मंत्रालयाने राज्यांना जी मुदत दिली, तीही तीस दिवसांचीच. परत पाठवायच्या तीस दिवसांची सगळ्यांना घाई आहे. ऐकून घ्यायचे तीस दिवस कोणाच्या गावीही नाहीत. या पद्धतीप्रमाणे त्याचे ऐकून घ्या असा अर्ज घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो तर टेबलामागच्या साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘बाई, याचा नमुनाच नाही आमच्याकडे. कुठल्या रजिस्टरला घेऊ?’’ बिचारे खरेच बोलत होते. अर्ज आवकला लागला नाही. मग आम्ही तो रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली आहे, उत्तर नाही.

सह्यांच्या मोहिमेविषयीही लिहिते, कारण त्यावरच टीका जास्त झाली. धाकटा पुण्याहून सुट्टीत आला आणि त्याने मजकूर तयार केला. वाडीतल्या लोकांनी सह्या केल्या, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी केल्या. शेजारच्या काकांनी आपल्या हाताने पान भरून दाखला लिहून दिला, की मुलगा अतिशय कष्टाळू, पोटासाठी इतक्या लांब आला, पडेल ते काम करतो. आम्हाला भरून आले. वकिलांनी तो वाचला आणि बाजूला काढून ठेवला. म्हणाले, हा दिलात तर तुम्हीच त्याला बाहेर काढाल. कारण त्या कार्यपद्धतीत आर्थिक कारणासाठी आलेल्याला जागा नाही, तो फक्त घुसखोर. म्हणजे मुलगा राबतो हे त्याच्याविरुद्ध जाते आणि निजून राहिला असता तर काही बिघडले नसते! काकांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली. ‘‘मग काय आळशी आहे म्हणून लिहू?’’ असे ते चिडून म्हणाले.

राबतो हे मात्र खरे. मे महिन्यात आमच्याकडे आमसुलांचे काम असते. कोकमे फोडून बिया-गर वेगळा काढायचा, रसात मीठ घालायचे, त्यात साली बुडवायच्या, गच्चीवर पसरून वाळवायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या, सालींना काळपट रंग चढेपर्यंत. सासूबाईंचे आता गुडघे चालत नाहीत, त्या खालून ओरडून सांगतात आणि हा वर उन्हात एकेक साल उलटत बसतो. ढग दिसला की न सांगता ताडपत्री ओढतो. बोटे मनगटापर्यंत लाल. आरतीला टाळ धरतो, रविवारी मोबाईलवर आपली प्रार्थना ऐकतो.

हे ऐकले की लोक म्हणतात, किती आपल्यातला झाला बघा, याला नका पाठवू. ते प्रेमाने म्हणतात, पण मला ते पटत नाही. तो मोदक खातो म्हणून त्याला ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. उद्या एखादा घुमा, तिरसट, मोदकाला नाक मुरडणारा मुलगा तीच कहाणी घेऊन आला तर त्याचेही तितकेच ऐकून घेतले पाहिजे.

‘देश म्हणजे धर्मशाळा नव्हे’ हे वाक्य त्या पत्रलेखकांनी दिले आहे. सर्वोच्च न्यायालयात मे २०२५ मध्ये तसे म्हटले गेले हे बरोबर. पण ते प्रकरण होते यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेल्या एका श्रीलंकन माणसाचे. त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितले, की घटनेच्या २१व्या कलमाचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. रोहिंग्यांच्या प्रकरणात, ८ एप्रिल २०२१ ला, न्यायालयाने परत पाठवण्याला स्थगिती दिली नाही, पण विहित पद्धत पाळल्याशिवाय पाठवू नका असेही बजावले. आणि त्यानंतर महिन्याभरातच, ३ मे २०२१ ला, मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांना दिल्लीला जाऊन निर्वासित कार्यालय गाठण्याची मुभा दिली. दोन्ही बाजूंचे निकाल आहेत, मी लपवत नाही. माणसाचे म्हणणे न ऐकता पाठवा, असे मात्र त्यांतला एकही सांगत नाही.

आणि रत्नागिरीकरांना ब्रह्मदेश काय नवा आहे? तिथल्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. १९१० मध्ये त्याचा राजवाडा बांधून झाला, डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीपाशी येऊन गेले, तेव्हा आपण केवढे कौतुक केले. राजा तो राजा, त्याची गोष्ट वेगळी, हे मला कळते. शिवाय तो पाहुणा नव्हता, कैदी होता. पण पेन्शन वाढवा, काढून घेतलेले जडजवाहीर परत द्या, म्हणून त्याने व्हाइसरॉयपर्यंत अर्ज केले, आणि त्या साम्राज्याने ते नामंजूर करण्यासाठी का होईना, फायलीला लावले. आमचा अर्ज अजून तेवढाही पुढे गेलेला नाही.

तो आमच्याच घरी राहावा, असाही हट्ट नाही. मिझोराममध्ये म्यानमारचे तीस हजारांवर लोक आहेत. केंद्राने मार्च २०२१ मध्ये अडवा आणि परत पाठवा असे कळवले असतानाही, तिथल्या सरकारने रक्ताची नाती आहेत म्हणून त्यांना थारा दिला. त्याचे नातेवाईक तिथे आहेत. तिथे पाठवायचे ठरले तर तिकीट आम्ही काढू. मागणी एवढीच, की एका जबाबदार अधिकाऱ्याने दुभाष्या बसवून त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, २०११ च्या पद्धतीप्रमाणे त्यावर कारणांसह निर्णय द्यावा आणि तोवर नोटीस थांबवावी. निर्णय विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात जायला हातात कागद तरी असेल.

एक विनंती. ज्यांनी सही केली त्यांना विचारल्याशिवाय यादी छापू नये, आणि मुलाचे नाव, गाव, फोटो अजिबात देऊ नये. त्याची आई आणि धाकटी भावंडे अजून पलीकडेच आहेत. आमचे नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे. ज्यांना अर्जाची प्रत हवी आहे किंवा त्याची चिन भाषा येणाऱ्या कोणाची ज्यांना माहिती आहे, त्यांना तो जरूर द्यावा. दुभाष्या आम्हाला अजून मिळालेला नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
ता. रत्नागिरी