लोगो बदललेली व्हॅन बंद का होते?

महोदय,

एखादी गाडी बाजारातून गेली की ‘गाडीतच दम नव्हता’ असा निकाल लगेच लागतो. दुसऱ्याने बनवलेली आणि आपला लोगो लावून विकलेली व्यावसायिक व्हॅन असेल, तर कारण बहुधा वेगळंच असतं. निस्सानची एनव्ही२०० घ्या. तीच गाडी आपल्याकडे अशोक लेलँडने ‘स्टाइल’ म्हणून आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने (जीएम) ‘शेव्हरोले सिटी एक्स्प्रेस’ म्हणून विकली. दोन्ही चार-पाच वर्षांच्या आत गुंडाळल्या गेल्या.

स्टाइल जुलै २०१३ मध्ये आली आणि २०१५ मध्ये थांबली. चेन्नईजवळ ओरगडमच्या रेनो-निस्सान कारखान्यात तिची मूळ बहीण, निस्सानच्याच नावाने विकली जाणारी ‘इव्हालिया’ही बनत होती. १४६१ सीसीचं डिझेल इंजिन तेच, फक्त स्टाइलमध्ये ताकद ७५ अश्वशक्तीपर्यंत उतरवलेली. साचे आणि जोडणीची लाइन यांचा खर्च आधीच झालेला असतो. दुसऱ्या कंपनीनेही गाड्या उचलल्या तर तो जास्त नगांवर विभागला जातो. खरी मेख इथेच आहे. इव्हालियाच खपत नव्हती. घरगुती ग्राहक २०१२ पासून एर्टिगाकडे वळला होता, कारण ती कारसारखी दिसते आणि कारसारखीच चालते. मूळ गाडीचाच आकडा लहान, तर वाटून घ्यायचं काय?

त्यात विकणाऱ्याचे हात बांधलेले. गाडी ठरलेल्या दराने घ्यायची, त्यावर डीलरचं कमिशन, वॉरंटी आणि जाहिरात. भाव पाडला तर स्वतःचा नफा जातो, चढवला तर ग्राहक मूळ गाडीच घेतो. ग्राहकांच्या तक्रारी ऐकून दार किंवा डॅशबोर्ड बदलायचा म्हटलं, तर साचे दुसऱ्याचे. शिवाय स्टाइल विकायची जबाबदारी ‘दोस्त’ टेम्पोच्या डीलरांवर होती. टेम्पोच्या काउंटरवर कुटुंबाला गाडी विकणं हा निराळा धंदा आहे. २०१६ मध्ये लेलँडने दोघांच्या संयुक्त भागीदारीतला निस्सानचा हिस्सा विकत घेतला, तोवर स्टाइल बंद झालेली होती.

अमेरिकेत गरज खरी होती. जीएमकडे १९९६ पासूनची मोठी ‘एक्स्प्रेस’ होती, छोटी व्हॅन नव्हती. आयात मालवाहू व्हॅनवर तिथे १९६४ पासून २५ टक्के कर आहे. निस्सानची व्हॅन मेक्सिकोतल्या क्वेर्नावाकात बनत असल्याने मुक्त व्यापार करारामुळे तो टळला. (हाच कर टाळायला फोर्डने तुर्कस्तानातून आणलेल्या व्हॅन सीट लावून प्रवासी गाडी म्हणून उतरवल्या आणि बंदरावर सीट काढून टाकल्या, हे प्रकरण पुढे त्यांना चांगलंच महागात पडलं.) तरी दोन लिटरचं एकच इंजिन, एकच सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, आणि तीच गाडी निस्सानच्या शोरूममध्येही. २०१४ अखेर आलेली सिटी एक्स्प्रेस २०१८ मध्ये बंद झाली. २०२१ मध्ये निस्साननेही तिथली एनव्ही२०० थांबवली.

आजही सेकंड-हँड स्टाइल घेणाऱ्यांनी एवढं पाहावं. तिचं ते डिझेल इंजिन, म्हणजे के९के, डस्टर, सनी आणि नाशिकला बनलेल्या व्हेरिटोतही होतं, त्यामुळे फिल्टर, बेल्ट, गॅस्केट यांची अडचण नाही. इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मात्र पार्ट नंबर जुळल्याशिवाय घेऊ नयेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा; तो चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बॉडीचे भाग जास्त त्रास देतात. सरकत्या दाराचे रोलर झिजले की दार मागच्या बाजूला लोंबतं आणि लॉक नीट बसत नाही. मागच्या सस्पेन्शनला पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. त्यांचे बुश आणि शॅकल (पाटा गाडीला जोडणारी कडी) पाहून घ्या. दार, काच, दिवे लागले तर इव्हालियाचा पार्ट नंबर सांगून निस्सानच्या काउंटरवर विचारा. लेलँडचं नाव सांगितलं की बहुतेकदा नुसती मान हलते.

एक वाचक, पुणे